पंक्तिप्रपंच

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही पारनेरच्या एका महिला बचत गटातल्या अकरा जणी. माइकसमोर एकटीच बसली आहे, पण काय सांगायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय. म्हणून ‘आम्ही’ असंच बोलणार. विषय साधा आहे. आम्ही हॉटेलात नूडल्स खायला गेलो होतो. अकरा प्लेट मागवल्या. दहा आल्या, एक आली नाही. त्या अकराव्या प्लेटची ही गोष्ट.

आमचा गट उन्हाळ्यात वाळवणं करतो. शेवया, कुरडया, पापड, सांडगे. आमच्या तालुक्यात पाण्याची ओरड कायमची, पण उन्हाला तोटा नाही. वाळवणाला असं ऊन दुसरीकडे शोधून सापडायचं नाही! यंदा माल बरा खपला. हिशेब झाला, जिचे तिला पैसे वाटून झाले, वर थोडे शिल्लक राहिले. दरवर्षी अशा पैशांतून आम्ही गटासाठी एखादं मोठं पातेलं नाहीतर सतरंजी घेतो. यंदा आमच्यातल्या दोघी तरुण सुना म्हणाल्या, “पातेली पुष्कळ झाली. एकदा सगळ्या मिळून बाहेर जेवायला जाऊ. नूडल्स खाऊ.”

आधी थोडी कुरकुर झाली. “घरी काय सांगायचं?” “रात्रीच्या भाकरी कोण करणार?” शेवटी आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, “जन्मभर शेवया केल्या, दुसऱ्याला वाढल्या. आता दुसऱ्यानं केलेल्या आयत्या खाऊन बघू की.” मावशींनीच होकार दिल्यावर बाकीच्यांचं काय चालणार?

सुप्याकडे एमआयडीसी वाढली, तशी रस्त्याकडेला हॉटेलंही वाढली. कामाला बाहेरगावची, परराज्यातली पोरं आली, त्यांच्यासाठी गाडे लागले, मग गाड्यांची हॉटेलं झाली. त्यातल्याच एका हॉटेलात रविवारी संध्याकाळी आम्ही ओळखीच्या जीपने गेलो. हॉटेलाचं नाव सांगत नाही. जे सांगायचंय ते त्या एका हॉटेलापुरतं नाही.

आत शिरलो तर गल्ल्यावरच्या मालकांनी विचारलं, “बरोबर कोणी माणसं येणार आहेत का?”

माणसं म्हणजे पुरुष, हे काय आपल्याला कळत नाही का? आमच्यातली एक पटकन बोलली, “दादा, आम्ही माणसंच आहोत.” सगळ्या हसल्या, मालकही हसले. पण पुढची दोन मोठी टेबलं रिकामी असताना आम्हाला बसवलं मागे, हात धुवायच्या बेसिनजवळ. पंखा तिथवर पोचत नव्हता. आम्हीही काही न बोलता बसलो.

मेनूकार्ड इंग्रजीत होतं. धाकट्या सुनेनं वाचून दाखवलं. पाच हक्का नूडल्स, चार शेजवान नूडल्स, दोन फ्राईड राईस, आणि सगळ्यांत मिळून दोन मंच्युरियन असं ठरलं. वाढायला एकच पोरगा होता, वीस-बावीस वर्षांचा, परराज्यातला. मराठी जेमतेम समजायचं. त्यानं चिठ्ठीवर लिहून घेतलं.

मग वाट बघणं सुरू झालं. पाणी दोनदा मागितल्यावर आलं. पहिल्या तीन प्लेट आल्या, आणि आमची पंचाईत झाली. आपल्याकडे पंगतीत सगळ्यांची ताटं वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. तीच सवय. तिघी समोर गरम प्लेट ठेवून हात बांधून बसल्या. दहा मिनिटं गेली. वाफ गेली, नूडल्स एकमेकींना चिकटल्या, आणि शेवटी आम्हीच त्यांना म्हणालो, “अगं खा तुम्ही, गार झाल्यावर काय चव राहणार?” त्या खाऊन उठायच्या बेतात असताना आणखी चार आल्या. मग दोन. मग एक.

दरम्यान आमच्या नंतर येऊन पुढच्या टेबलावर बसलेल्या पाच-सहा जणांचं खाणं आलंसुद्धा. ते टेबलावर थाप मारायचे, “ए छोटू!” म्हणून ओरडायचे, आणि पोरगा पळत जायचा. आमच्यातल्या कोणी हात वर केला तर “आया दीदी” म्हणायचा नि दुसरीकडे वळायचा.

अकरावी प्लेट मावशींची होती. साधी हक्का नूडल्स. आम्ही म्हणालो, “मावशी, आमच्यातलं घ्या.” त्या म्हणाल्या, “नगं, मला भूक नाही. तुम्ही खा.” मंच्युरियनचा एक तुकडा तेवढा त्यांनी घेतला. आम्हाला वाटलं, वय झालंय, मसालेदार सोसत नसेल. खरं सांगायचं तर आम्ही गप्पांत रमलो आणि त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

मग बिल आलं. 1722 रुपये. आमच्या गटाची वही जिच्याकडे असते तिला पैशापैशाचा हिशेब तपासायची सवय. तिनं बघितलं. हक्का पाच प्लेट, म्हणजे न आलेली प्लेटही धरलेली. खाण्याचे 1640, आणि खाली ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून 82 रुपये. एरवी आम्ही म्हणालो असतो, जाऊ दे, कुठं वाद घालायचा, चार लोक बघतात. पण ती उठलीच. आणि एक उठली म्हणून आम्ही सगळ्या उठलो. अकरा बाया गल्ल्यासमोर उभ्या राहिल्या की हॉटेलात आपोआप शांतता होते, हे त्या दिवशी कळलं.

ती आवाज न चढवता म्हणाली, “दादा, पाच हक्का लिहिल्यात, आल्या चार. आणि ही सर्व्हिस कसली? पाणीसुद्धा दोनदा मागून आलं.”

मालकांनी पोराला बोलावलं. पोरगा घाबरला. चिठ्ठ्या काढून बघितल्या तेव्हा उलगडा झाला. आमची पाचवी प्लेट आतून निघाली होती, पण पुढच्या टेबलावरून आरडाओरड झाली म्हणून त्यानं ती तिथे नेऊन ठेवली. पुन्हा करायला सांगायचं राहून गेलं. मालक पोरावर डाफरायला लागले. तेव्हा मावशीच पहिल्यांदा बोलल्या, “त्याला कशाला बोलता? एकटं लेकरू सात टेबलं सांभाळतंय. दुसरा माणूस नको का ठेवायला?”

मालक चांगले निघाले. दुसरा वाढपी त्या दिवशी आलाच नव्हता. ते म्हणाले, “ताई, चुकलं आमचं. सर्व्हिस चार्ज काढतो, प्लेटचेही पैसे नका देऊ. मावशींना पार्सल बांधून देतो.”

यावर मावशी म्हणाल्या, “पार्सल नगं. फुकट बी नगं. पैसे देणार आणि इथंच बसून खाणार.”

आणि त्या गेल्या नि मघाशी रिकाम्या असलेल्या पुढच्या मोठ्या टेबलावर, पंख्याखाली बसल्या. मालक स्वतः आत गेले. पाच मिनिटांत गरम वाफाळती प्लेट आली. मावशींनी सावकाश, काट्याला नूडल्स गुंडाळता येईनात तेव्हा सरळ हातानं, सगळी प्लेट संपवली. आम्ही दहा जणी भोवती बसून होतो. जीपवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, वाजवू दिला.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये कोणीतरी विचारलं, “मावशी, भूक नव्हती म्हणालात, मग एवढी सगळी खाल्ली?”

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “भूक होती गं. पण सगळ्यांची आली नि माझीच आली नाही, तवा मनात आलं ते निराळंच. आमचे वडील बाजारच्या दिवशी हॉटेलाबाहेर उभं राहून चहा प्यायचे. आमच्या लोकांचा कप बाहेर कोनाड्यात ठेवलेला असायचा. पिऊन आपणच धुवायचा नि परत तिथंच ठेवायचा. मी लहान होते, त्यांचं बोट धरून उभी असायची. आता तसलं काही नाही, आणि त्या पोराच्या मनात बी तसलं काही नव्हतं, मला कळतंय की. पण प्लेट आली नाही की मला आधी तो कपच आठवतो.”

जीपमध्ये कोणी काही बोललं नाही. आम्ही तेरा वर्षं एका गटात आहोत. एका पाटावर शेवया केल्यात. आणि हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

मैत्रिणींनो, म्हणून हे सांगायला आलो. हॉटेलात उशीर होतो, एखादी प्लेट राहते, यात विशेष काही नाही, असं आपण म्हणतो. पण राहिलेली प्लेट प्रत्येकाला सारखी लागत नाही. जो पुढच्या टेबलावर बसून थाप मारतो त्याला ती नुसती चूक वाटते. जिच्या घरात तो कोनाड्यातला कप होऊन गेला, तिला ती चूक वाटत नाही.

आपल्या भाषेत याला जुना शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला तूप साजूक आणि दुसऱ्याला नुसता भात, एकाला आग्रह आणि दुसऱ्याकडे पाठ. वाढणारा ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीत बसलं तरी चालतं, असं आपण हसत म्हणतो. पण ज्याची वाढणाऱ्याशी ओळखच नाही, त्यानं काय करायचं?

त्याच्यासाठी कायदा आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये हॉटेलांचा उल्लेख आहे, हे आम्हालाही नंतर वाचून कळलं. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात किंवा हॉटेलात जायला अडवता येणार नाही, असं त्यात सांगितलंय. ‘लिंग’ हा शब्दही त्यात आहे बरं का. म्हणजे बाया एकट्या आल्या म्हणून त्यांना अडवता येत नाही. कलम 17 नं अस्पृश्यता रद्द केली, आणि 1955 साली अस्पृश्यता मानणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आला. त्यालाच आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. हॉटेलातली भांडी अस्पृश्यतेच्या कारणानं कोणाला वापरू न देणं, हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. मावशींचा जन्म या कायद्यानंतरचा. तरी त्यांनी तो कप बघितला. कायदा आला म्हणून कप लगेच कोनाड्यातून उठत नाही. कोणीतरी आत जाऊन बसावं लागतं.

आता पैशाचं. ‘सर्व्हिस चार्ज’ हा सरकारी कर नाही. जीएसटी वेगळा आणि हा वेगळा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला सांगितलं की हॉटेलानं हा आकार आपोआप बिलात लावायचा नाही, आणि दुसऱ्या कुठल्या नावानंही लावायचा नाही. द्यायचा की नाही, ही गिऱ्हाइकाची मर्जी. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या. 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचं म्हणणं बरोबर ठरवलं. तेव्हा बिलात तो दिसला तर शांतपणे म्हणायचं, “हा काढा.” नाहीच ऐकलं तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी नाही. बिल मात्र मागून घ्या आणि जपून ठेवा. बिलावर हॉटेलाच्या अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक असायला हवा, तोही बघा.

पण सगळीच गैरसोय म्हणजे अन्याय नव्हे, हेही सांगायला हवं. त्या मालकांनी आम्हाला नंतर भट्टी दाखवली. नूडल्स आधी उकडून, निथळून, तेलाचा हात लावून ठेवतात. मागणी आली की मोठ्या आचेवर कढईत भाज्या परतून त्या टाकतात. एका कढईत एका वेळी दोन-तीन प्लेटच नीट होतात. जास्त घातल्या तर आच कमी पडते आणि लगदा होतो. शेजवान वेगळं, राईस वेगळा, म्हणजे प्रत्येक वेळी कढई धुवायची. तेव्हा अकरा जणींच्या तीन तऱ्हेच्या प्लेट एकदम येणं अवघडच. आम्ही आधीच “सगळं एकदम आणा” असं सांगितलं असतं किंवा एकाच तऱ्हेचं मागवलं असतं, तर निम्मा गोंधळ टळला असता. अकरा जणी येणार म्हणून सकाळी फोन केला असता तर आणखी बरं झालं असतं.

जाता जाता एक गंमत. हे चायनीज आपण समजतो तसं सगळं चीनमधून आलेलं नाही. हक्का ही चीनमधली एक जमात. त्यातली पुष्कळ कुटुंबं कोलकात्याला येऊन राहिली, त्यांच्या हातून आपल्या चवीचं चायनीज तयार झालं. आणि मंच्युरियन तर आपल्या मुंबईचं. क्रिकेट क्लबमध्ये 1975 साली नेल्सन वांग या आचाऱ्यानं चिकनचे तळलेले तुकडे आलं, लसूण, मिरची आणि सोया सॉसमध्ये घोळले, ते पहिलं मंच्युरियन असं मानतात. कोबीचं नंतर आलं. मावशींचं मत मात्र ठाम आहे. त्या म्हणतात, “चीनची असो नाहीतर कोलकात्याची, शेवईच ती. फक्त गूळ-दूध नाही, तिखट-मीठ आहे.”

आता शेवटची गोष्ट, आणि ही सांगायला आम्हाला जरा जड जातंय.

त्या रविवारनंतर गटाच्या बैठकीत आम्ही बसलो, आणि एक जण म्हणाली, “आपण तरी काय करतो?” आमचा गट जेवणाच्या ऑर्डरीही घेतो. शाळेचे कार्यक्रम, साखरपुडे, सरकारी बैठका. तिथे आम्हीच वाढतो. पुढाऱ्यांच्या आणि साहेबांच्या पंगतीला गरम पोळी, भाजीत पनीरचे तुकडे बघून बघून. गाड्यांचे ड्रायव्हर, मांडववाले, भांडी घासायला आलेल्या बाया यांना सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं, गार, तेही उभ्या उभ्या. आम्हाला कोणी तसं सांगितलं नव्हतं. आमचा हातच तसा चालत होता. त्या हॉटेलातल्या पोराचा चालला तसाच.

आणि घरात? आम्ही एकेकीला विचारलं, काल रात्री गरम भाकरी कोणी कोणी खाल्ली? अकरापैकी दोघींनी हात वर केला. बाकी नऊ जणींनी सगळ्यांना तव्यावरची वाढून शेवटी गार खाल्ली. बाहेर आम्ही 82 रुपयांसाठी उभ्या राहिलो, ते बरोबरच केलं. पण घरातल्या पंगतीत रोज आमचीच प्लेट राहते, तिथे आम्ही “मला भूक नाही” म्हणतो. मावशींसारखंच.

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, आमच्या जेवणाच्या ऑर्डरीत ड्रायव्हर, मांडववाले आणि भांडीवाल्या यांची पंगत वेगळी धरायची, बसून, त्याच भाजीची, आणि तेवढं जेवण ऑर्डर घेतानाच हिशेबात लावायचं. याआधीच्या ऑर्डरीत ते केलं. दर माणशी थोडा खर्च वाढला, पण ऑर्डर देणाऱ्यानं खळखळ केली नाही. दुसरी गोष्ट अजून नीट जमत नाही. आठवड्यातून निदान दोन रात्री घरातल्या सगळ्यांनी एकदम बसायचं, भाकऱ्या आधी करून दुरडीत झाकून ठेवायच्या. चार घरांत जमलंय. एका घरी सासऱ्यांना तव्यावरचीच भाकरी लागते, तिथे नातवानं ती करायला घेतलीय. कशी होते ते विचारू नका, पण होते.

तुम्ही हॉटेलात गेलात, तर पुढचं टेबल रिकामं असेल तिथे बसा. पाणी मागा. बिल वाचा. चूक झाली तर सांगा, पण वाढणाऱ्या पोराला तोडून बोलू नका. तो दिवसभर उभा असतो आणि बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी जेवतो. ओरडणाऱ्याला आधी मिळतं म्हणून आपण ओरडायला शिकायचं, असंही नाही. सेनापती बापटांच्या गावच्या बाया आपण, हक्कासाठी उभं राहणं काही आपल्याला नवं नाही. शांतपणे उभं राहिलं तरी ऐकू जातं.

आणि तुमच्या टेबलावर कोणी “मला भूक नाही” म्हणाली, तर एकदा तिच्या ताटाकडे बघा. तिचं ताट आलंय का, तेवढं बघा.

पुढच्या उन्हाळ्यात वाळवणं झाली की आम्ही पुन्हा नूडल्स खायला जाणार आहोत. त्याच हॉटेलात. मावशींनी टेबल आत्ताच सांगून ठेवलंय, पंख्याखालचं.

नमस्कार.